दार उघड गं

सास्तूरच्या गजराबाईनं आयुष्यात एकच गाणं रचलं. भूकंपाच्या पहाटे घर बसलं आणि तिची सहा वर्षांची शिवकन्या दगडमातीखाली गाडली गेली. उजाडेपर्यंत आतून आवाज येत होता, "आये, दार उघड. लई अंधार हाय." गजराबाई नखं तुटेस्तोवर माती उपसत राहिली. दुपारी पोर हाती लागली, पण आवाज कधीच थांबला होता.

पुढं खुरपता खुरपता ओळ सुचली: दार उघड गं, अंधार झाला, किती मी हाका मारू. गावात ज्यांची माणसं गेली होती, त्या बाया शेजारी बसून ऐकायच्या. ज्या त्या बाईला आपलं माणूस दिसायचं. शिवकन्येचा एकही फोटो उरला नव्हता. डोळे मिटून गायलं, की पुढचे दात पडलेली, लाल फीत बांधलेली पोर गजराबाईपुढं उभी राहायची.

बऱ्याच वर्षांनी तिचा पुतण्या मल्हार यूट्यूबवर गाणी टाकायला लागला. त्यानं हे गाणं फोनवर भरून घेतलं आणि पुढं त्याचा नाचऱ्या चालीतला व्हिडिओ आला. त्यात गॉगलवाला एक पोरगा पोरीच्या दारावर थापा मारतो, ओठ चावतो, डोळा घालतो; आत पोरगी पदर सावरत लाजते.

"मल्हार, हे माझ्या लेकीचं गाणं हाय."

"ठाऊक हाय, काकू. पण रडकं कोण बघतंय? अन् शब्द तुमचेच ठेवलेत. एक अक्षर बदललं न्हाय."

ते खरंच होतं. शब्दन् शब्द तिचाच होता.

त्या साली प्रत्येक वरातीत ते वाजलं. "तुमचंच गाणं लागलंय की," म्हणत बायांनी तिलाही ओढून नाचवलं. शेजारची प्रेमाबाई सगळ्यांच्या पुढं नाचत होती. भूकंपात तिचे दोन्ही लेक गेले होते.

भूकंपाचा स्मृतिदिन आला. स्मारकापाशी गाव जमलं आणि सरपंचांनी गजराबाईला गायला सांगितलं. पहिल्याच ओळीला मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. प्रेमाबाईनं हसू दाबायला तोंडात पदर कोंबला, तरी तिचे खांदे हलत होते.

"काय करू बाई," ती नंतर म्हणाली, "ते गॉगलवालं पोरगंच डोळ्यांम्होरं येतंय."

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना गजराबाईनं डोळे मिटून गाणं म्हटलं. दाराशी गॉगलवाला उभा होता. ती पुन्हा पहिल्यापासून गायली, हळू, जुन्या चालीत. पोरग्यानं डोळा घातला.

ती उठून गोठ्यात गेली. नवरा लिंबाजी म्हशीपुढं कडबा टाकत होता.

"अवो, आपली शिवकन्या दिसायला कशी होती?"

त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली.

"मला न्हाय आठवत आता," तो म्हणाला. "तुलाच दिसायची की ती."