डिकी लावली का?

एका मे महिन्यात आमची गाडी रोज सकाळी रुसायला लागली. किल्ली फिरवली की नुसतं टक् वाजायचं. शेजाऱ्यांच्या गाडीला वायर जोडून ती सुरू करायची, बाबा बाजारातून मासळी घेऊन यायचे, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. बॅटरी तर नवीकोरी. घरात सगळ्यांचं एकमत झालं, बाबा दिवे बंद करायला विसरतात.

वाईट हे की बाबांनाही ते पटलं. त्यांच्या वडिलांचं शेवटी तसंच झालं होतं. चष्म्यापासून सुरुवात होऊन ते घराची वाट विसरले होते. मी लांज्याहून माहेरी आले त्या दिवशी बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तूच ने गाडी. मी विसरायला लागलो हो." जन्मभर बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, घरातल्या सायकलचं पंक्चरसुद्धा कधी दुसऱ्याला काढू दिलं नाही, तो असं बोलला. मला रागच आला. इतक्या लवकर हार मानणारे हे बाबा माझ्या ओळखीचे नव्हते.

"आधी शोधू तरी," मी म्हटलं. "कसं शोधायचं ते सांगा."

खुर्ची अंगणात आली. बाबांनी आपल्या जुन्या पेटीतला टेस्टचा बल्ब काढला. "बॅटरीची निगेटिव्ह वायर सोड. वायर आणि बॅटरी यांच्या मध्ये हा चिमट्यांनी अडकव. लागला, तर समज कुणीतरी चोरून खातंय."

दिवे बंद, किल्ली माझ्या खिशात, तरी बल्ब लागला. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले.

"आता एकेक फ्यूज काढ. मी बल्ब बघतो."

हॉर्नचा काढला, पंख्याचा काढला, टेपचा काढला. बल्ब आपला तसाच. आतल्या दिव्यांचा काढला तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "गेला."

छतातला दिवा मी आधीच बंद केला होता. म्हणजे उरला डिकीतला. फ्यूज आणि वायर परत बसवून आम्ही मागे गेलो. दिवेलागणीची वेळ होती, म्हणून डिकीच्या फटीतली उजेडाची रेघ दिसली. झाकण नीट लागलंच नव्हतं. फटीत गवताची काडी अडकली होती.

उघडून बघतो तर आत आईने आंबे पिकायला घातलेली आढी. भाताच्या पेंढ्यात हापूस ओळीने निजलेले, आणि वास असा की आम्ही दोघंही क्षणभर बॅटरी विसरलो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

आई पदराला हात पुसत आली. "खोलीत माकडं एक आंबा ठेवत नाहीत. गाडीत कशी शिरतील? आणि ऊबही चांगली मिळते." मासळीची पिशवी डिकीत ठेवायची नाही, पुढे पायाशी ठेवायची, हा हुकूमही तिचाच. त्यामुळे बाबांनी डिकी कधी उघडलीच नव्हती.

बाबा तिच्यावर चिडले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे मी विसरत नव्हतो?"

"नव्हतात, बाबा."

त्यांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि एक अर्धकच्चा आंबा तिथेच उभ्या उभ्या चावून खाल्ला.

अजूनही मे महिन्यात पेंढ्याचा वास आला की मला खुर्चीत पुढे सरकून बसलेले बाबा दिसतात. पुढे काही वर्षांनी ते खरोखरच विसरायला लागले. आधी चष्मा, मग वाट, मग मी. "आपण कुठल्या?" असं मला अदबीने विचारायचे. गाडी मी चालवायला लागले होते. पण आम्ही कुठूनही परत आलो की ते मागे जाऊन दोन्ही हातांनी डिकी दाबून बघायचे आणि आईला विचारायचे, "आंबे काढलेस?"

श्रावण असो, दिवाळी असो. आई एकदाही म्हणाली नाही की आता कुठले आंबे. ती म्हणायची, "काढले हो. तुम्ही चला आत."