व्यंकटचा हातोडा

दरडीत सात थर आहेत. तळाशी काळा बेसॉल्ट, त्यावर गोट्यांचे दोन, वाळूचा एक, पिवळ्या गाळाचे दोन आणि सगळ्यात वर शेतातली काळी माती. गोट्यांच्या वरच्या थरात हत्तीच्या दाढेचा तुकडा, अकरा शिंपले. मोजता मोजता ऋजुता बाभळीखाली आडवी होते. दुपारनंतर कॉलेजातले भूशास्त्राचे इनामदार सर पाहुण्यांना मांजरा नदीची ही दरड दाखवायला येणार आहेत. तिचे डोळे मिटतात, मोजणी चालूच राहते. आठवा थर येतो. त्यात तिचा वर्गमित्र व्यंकट बिरादार बसलेला आहे.

हत्तीची दाढ त्यालाच सापडली होती, आणि गेल्या वर्षी तो इथेच गाडला गेला. माती सुटत होती, तरी सर काठावरच्या जीपमधून ओरडले होते, "अजून आत खण!" चौकशीत म्हणाले, पोरगा न विचारता शिरला. ऋजुताने ऐकलेलं सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही. व्यंकटला बाहेर काढलं, त्याचा हातोडा मात्र सापडला नाही.

"काय गं ऋजे, झोपा काढायलीस? अन् तो माझ्या हत्तीवर मिरवायलाय."

"खूप दुखलं का रे?"

"ते सोड. फोटो बघ."

आता ते कॉलेजच्या सभागृहात आहेत. खुर्च्या अर्ध्याअधिक गोट्यांत रुतल्यात. पडद्यावर सरांच्या शोधनिबंधातला फोटो : हत्तीचा थर आणि त्याला टेकवलेला हातोडा, दांड्याच्या टोकाला सरळ काप. सर सांगतायत, "फोटो मी स्वतः काढलाय. प्रमाणासाठी माझा हातोडा, तेहेतीस सेंटीमीटर. असे पाच बसतात. थराची जाडी एक मीटर पासष्ट."

व्यंकट खदाखदा हसतो. तोंडातून वाळू सांडते.

"डिपार्टमेंटचे हातोडे तेवढेच असतात गं. माझा दांडा चिरला होता, मी करवतीनं कापला. हा बाबा एकदा तरी खाली उतरला असता तर कळलं असतं."

"म्हणजे सगळी मापं चुकली."

"अन् फोटो कुणाचा तेही उघडं पडलं. मला हार नको, शोकसभा नको. चारचौघांत त्याला उघडा पाड. अन् त्याचं तोंड नीट बघ, माझ्या वाट्याचंबी."

"मलाही बघायचंय," ऋजुता म्हणते. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटतं.

"मग खण. माझ्या पायापाशी."

सभागृहाची फरशी ओल्या गाळासारखी मऊ आहे. ती दोन्ही हातांनी उकरू लागते.

हॉर्न वाजतो. ती बाभळीखाली नाही, दरडीच्या पायथ्याशी बसली आहे. नखांत पिवळा गाळ. मांडीवर गंजलेला हातोडा, दांड्याचं टोक करवतीनं सरळ कापलेलं.

"या, सांभाळून," सर पाहुण्यांना हात देत खाली उतरतायत. "निबंधातल्या फोटोत माझाच हातोडा होता. तेहेतीस सेंटीमीटर."

"सर, एक मिनिट."

ऋजुता उठते. हातोडा सपाट दगडावर ठेवते, शेजारी टेप ताणून धरते, आणि पाहुण्यांतल्या सगळ्यात वयस्कर बाईंना म्हणते, "मॅडम, फोटोतला सरळ कापलेला दांडा हाच. लांबी तुम्ही वाचता का?"

बाई चष्मा सावरून वाकतात.

"सव्वीस सेंटीमीटर."