मौन उठवणारा हात

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नियमित वाचते, पण खरं सांगते, करमणूक म्हणून. "हे सगळं लोकांच्याच डोक्यात असतं" असं म्हणणाऱ्यांपैकी मी. आताही माझं मत फारसं बदललेलं नाही... फक्त एका रविवारचं काय करायचं ते कळत नाही. घाबरण्यासारखं यात काही नाही, हे आधीच सांगते. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही भोपाळला आनंद नगरमध्ये राहतो. आमच्या खालच्या मजल्यावर सुलभा मावशी आणि त्यांचे मिस्टर, काका. नात्यातले नाहीत, पण सगळी कॉलनी त्यांना मावशी-काकाच म्हणायची. दर रविवारी सकाळी मावशींच्या हॉलमध्ये ध्यानाचं मंडळ बसायचं. प्रवचन नाही, आरती नाही. गोल करून बसायचं आणि मौन.

कुठेही गेलं की माझ्याबद्दल एकच प्रश्न येतो — "ही बोलत का नाही?" मावशींनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "अगं, न बोलणाऱ्यांसाठीच आहे हे. ये की!"

मौन संपवायला आमच्याकडे घंटा नव्हती. मावशी उजवीकडच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायच्या. त्याने डोळे उघडायचे आणि आपल्या शेजारच्याला तसंच उठवायचं. हात असा फिरत शेवटी काकांपर्यंत जायचा, ते मावशींच्या डाव्या बाजूला बसायचे. आपल्यापर्यंत हात येईस्तोवर कुणी डोळे उघडायचे नाहीत.

मला कुणी हात लावलेला आवडत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी मावशींनी हळूच विचारलं, "खांद्याला हात लावला तर चालेल तुला? नाहीतर मी नुसतं नाव घेईन." असं मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि त्यांच्या उजवीकडची जागा माझी झाली. त्यांची एक पद्धत होती. आधी दोन बोटं टेकवायच्या, मग पूर्ण तळवा, आणि आपण एक श्वास घेईपर्यंत तो तिथेच.

नंतर पोहे-जिलेबी खाताना त्या विचारायच्या, "आज डोक्यात काय काय आलं?" मी काही सांगायच्या आत स्वतःच कबूल करायच्या, "माझ्या तर पूर्ण वेळ उडदाची डाळ. भिजवली की नाही तेच आठवेना." हसत सुटायच्या. ध्यानाबद्दल मला जे काही येतं, ते त्या हसण्यातूनच आलं.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. झोपेतच.

तेराव्यानंतरच्या रविवारी काकांनी मंडळाला बोलावलं. म्हणाले, "ती होती म्हणून हे होतं. आज बसू, आणि मग थांबवू. कुणाला पुढे चालवायचं असेल तर सांगा." जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला. मला ओरडून सांगायचं होतं, बंद नका करू. मी जशी आहे तशी बसू शकते अशी माझी ती एकच जागा होती. पण नेहमीसारखी मान खाली घातली.

काकांनी सवयीने मावशींचंही आसन घातलं होतं. ते उचलायचा कुणाला धीर झाला नाही. तेवढी जागा सोडून आम्ही बसलो, डोळे मिटले.

आणि मग आमची चूक झाली. मौन कोण संपवणार हे ठरलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी करेल.

शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या. भाजीवाला ओरडत आला आणि गेला. पाय बधिर झाले. कुणीतरी खाकरलं, पण डोळे कुणी उघडले नसणार. मी मनात म्हणत होते, कुणीच उठवू नका... मौन संपलं की मंडळही संपणार होतं.

तेवढ्यात डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली. मग तळवा.

मी दचकले नाही, याचंच मला आता नवल वाटतं. मी श्वास घेतला, डोळे उघडले आणि सवयीने उजवीकडे बसलेल्या वर्मा आंटींच्या खांद्यावर हात ठेवला. मग डावीकडे बघितलं. रिकामं आसन. त्याच्या पलीकडे काका, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर.

हात फिरत काकांपर्यंत गेला. ते म्हणाले, "बरं झालं बेटा, तू उठवलंस. मला सुचतच नव्हतं."

"मी नाही उठवलं, काका."

"मग कोणी?" समोर बसलेल्या पाठक काकूंनी विचारलं.

"मला... मावशींचा हात लागला."

काका कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. मशीन तपासावी तसं त्यांनी विचारलं, "कुठला खांदा?"

"डावा. आधी दोन बोटं, मग—"

"मग तळवा," ते म्हणाले. "चहासाठी मला असंच उठवायची."

पाठक काकू हळूच म्हणाल्या, "दुःखात होतं गं असं. मनाचे खेळ."

त्यावर वर्मा आंटी पदर सावरत म्हणाल्या, "अरे, तुझे जिसने भी जगाया हो बिटिया, मेरे कंधे पे तो तेरा ही हाथ आया न?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी मी मान खाली घातली असती. "मी उठवत जाईन," मी म्हटलं. "दर रविवारी. काका, बंद नका करू." आवाज इतका मोठा निघाला की मलाच ओळखू येईना. काकांनी होकाराची मान डोलावली आणि ते चहा ठेवायला आत गेले.

मी खूप विचार केला आहे. शरीराला सवय असते, मन हवं ते दाखवतं — हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण त्या क्षणी मला तो हात नकोच होता. मौन संपू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. मग मनाने तो आणला कुठून? तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा.

मंडळ सुरू आहे. तो हात परत कधी आला नाही. तरी दर रविवारी वेळ झाली हे कळूनही मी थोडी जास्त थांबते. वर्मा आंटी नंतर कुरकुरतात, "बिटिया, पैर सो गए मेरे!" त्यांना वाटतं, माझं ध्यान फार खोल लागतं. मी मात्र डावा खांदा सैल सोडून अजून एक श्वास बसून राहते, आणि मग आपणहून उजवीकडे हात पुढे करते.