फणीमावशीचं डोकं

शाळेतल्या शिपाईबाईला पोरं फणीमावशी म्हणायची, तेही तोंडावर. दर शनिवारी व्हरांड्यात बुटकं स्टूल मांडायचं, एकेकीला बसवून डोकं तपासायचं, हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनाही ते बरंच वाटलं. पोरींच्या उवा बघायला एरवी कोण हात पुढे करणार?

मावशीची नजर एकेकाळी घारीची होती. आता डोळे अधू झालेले, पण चष्मा लावला तर म्हातारी दिसेन, ही भीती काही जात नव्हती. मग ती वाकायची. इतकी वाकायची, की तिचं डोकं पोरीच्या डोक्याला चिकटायचं. फणी फिरवायची, पदराला पुसायची, की पुढची. "चल ऊठ, कोण आहे पुढे?"

त्या शनिवारी स्टुलावर शेपटी बसली. तिसरीतली बुजरी पोर, केस कमरेखाली, म्हणून हे नाव पडलेलं. फणीबरोबर दोन-तीन उवा आल्या. मावशीला हळू बोलता आलं असतं, पण तोंडाला लगाम असेल तर शपथ!

"अगं बाई गं! हे डोकं आहे की कारखाना? लांब सरका गं सगळ्या!"

पोरी किंचाळत, खिदळत पळाल्या. शेपटी स्टुलावर तशीच बसून राहिली, फ्रॉकची कड मुठीत घट्ट धरून.

सोमवारी ती डोक्याला रुमाल बांधून आली. आईनं रागाच्या भरात चकोट केला होता. पोरी तिला मुद्दाम शेपटी म्हणून हाक मारायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. "केस काय, पुन्हा येतील," म्हणत मावशी झाडू मारत पुढे गेली.

पण उवा काही हटेनात. पुढच्या शनिवारी आणखी पोरींच्या डोक्यात निघाल्या. चकोट डोक्यावरून उवा कुठून येणार, एवढं साधं मावशीच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आणून दिलं ते सुनेनं. रविवारी ती सासूच्या डोक्याला तेल लावायला बसली आणि मध्येच थांबली.

"आई, रागावू नका हं. तुमच्या डोक्यात उवा आहेत. आणि लिखा तर केवढ्या! महिना तरी झाला असेल."

"काहीतरीच बोलू नकोस!"

सुनेनं पांढऱ्या कापडावर केस विंचरून दाखवले. मावशीला चिकटलेली डोकी आठवली, पदराला पुसलेली फणी आठवली. साऱ्या शाळेची डोकी तिनं डोळ्यांत तेल घालून तपासली, पण स्वतःचं कुणाला दाखवायची कधी गरजच वाटली नव्हती.

"औषध लावू या ना," सून म्हणाली. "कुणाला कळायचंही नाही."

पण कुणाला न कळणंच मावशीला नको होतं. "उद्या शाळेतून आल्यावर लाव," मावशी म्हणाली.

सोमवारी मधल्या सुट्टीत मावशीनं स्टूल मांडलं आणि स्वतःच त्यावर बसली. पदर खाली घेतला, शेपटीला हाक मारली आणि तिच्या हातात फणी दिली.

"बघ बरं माझं डोकं."

पोरी गोळा झाल्या. शेपटीनं भीत भीत फणी फिरवली, मग ती मावशीच्या कानाशी वाकली.

"मावशी, आहेत. पण मी कुणाला नाही सांगणार."

मावशीला भडभडून आलं. त्या शनिवारी तिनंही एवढंच करायचं होतं, कानात सांगायचं होतं. या एवढ्याशा जिवाला ते कळलं आणि आपल्याला कळलं नाही, याची तिला लाज लाज वाटली. डोळे पुसून ती उठली.

"ऐका गं सगळ्या. माझ्या डोक्यात उवा आहेत, आणि हिच्याही आधीपासून आहेत. तुमच्या डोक्यात मीच घातल्या. हिचा काही दोष नाही. पुन्हा कुणी हिला हसलं तर याद राखा!"

कुणी हसलं नाही. शेपटीचा हात मात्र डोक्यावरच्या रुमालाकडे गेला.

"मग माझे केस उगाच कापले का हो, मावशी?"

"हो गं बाळा," मावशी म्हणाली. "उगाचच."