रद्दीवरच्या सह्या

दुष्काळाच्या साली भवानी पेठेतला आमचा माग बंद पडला आणि दारावर घराच्या लिलावाची नोटीस लागली. लिलाव थांबवायचा अर्ज कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या टायपिस्टानं लिहून दिला. कचेरी बंद व्हायला दहाच मिनिटं होती. मी पेन उचललं, तर त्यानं कार्बननं निळा झालेला अंगठा अर्जावर दाबून धरला.

“हात कापतोय. आदी रद्दीवर सही करा.”

मी केली. त्यानं ती नोटिशीला जोडलेल्या कर्जखतावरच्या माझ्या सहीशी ताडून पाहिली.

“ही तुमची न्हाय. परत करा.”

शिपाई दार लोटू लागला. मी ओरडलोच, “अवो, घर जाईल की माझं!”

“माझं असंच गेलं,” तो म्हणाला. “सही जुळत न्हाय म्हनले.”

तिसरी सही त्यानं अर्जावर करू दिली.

घर वाचलं. तो रद्दीचा कागद मी जपून ठेवलाय. त्यावरच्या दोन्ही सह्या आजही मला ओळखू येत नाहीत.