बँडमध्ये झोपलेली रेखा

शेजारच्या ओट्यावरून वेखंडाचा उग्र वास आला. दीड वर्षाचा नातू अजून बोलत नाही, म्हणून शेजारीण त्याच्या जिभेला लावायला वेखंड मधात उगाळत होती. त्या वासानं मला ब्राह्मणपुरीतल्या एका लग्नात नेऊन उभं केलं.

माझी धाकटी बहीण रेखा तेव्हा दोन वर्षांची होती, आणि एक शब्दही बोलत नव्हती. "इना बाप बी उशीरच बोलना व्हता," असं आजी म्हणायची आणि रोज सकाळी तिच्या जिभेवर वेखंड घासायची. त्या दुपारी बँड अगदी मांडवापाशी आला. ढोलानं माझी छाती हादरत होती, लहान पोरं भोकाड पसरत होती. रेखा मात्र आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती, ओठ अजून मधानं चिकट.

"कितली गुणी पोर शे तुन्ही! बँडमा बी झोपी ऱ्हायनी," एक बाई म्हणाली. आई केवढी फुलली! सगळ्यांना नीट दिसावी म्हणून तिनं रेखाच्या तोंडावरचा पदर बाजूला केला.

गुणी म्हणे! शाळेत घालायच्या वेळी शहाद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला जन्मापासून ऐकूच येत नाही. तोवर आम्ही जीभच घासत बसलो होतो.

मी उठून शेजारी गेले. नातू पाठमोरा खेळत होता. त्याच्यामागे मी स्टीलचं ताट फरशीवर आपटलं. शेजारीण दचकली, तिच्या हातातलं वेखंड निसटलं.

पोर खेळतच राहिलं.