ठमाकाकीचा उजवा हात

पंढरीसारखा रिक्षावाला सबंध भिवंडी तालुक्यात शोधून दाखवा. माझ्या पाठचा भाऊ म्हणून सांगत नाही, खारबाव स्टेशनाबाहेर कुणालाही विचारा. सातवीत शाळा सुटली, पण रिक्षा चालवतोय त्या चौदा वर्षांत साप चावलेली सोळा माणसं त्याने दवाखान्यात जिवंत पोचवलीत. सोळा! सरकारी दवाखान्यातले डॉक्टर त्याला नावाने हाक मारतात. अख्ख्या खानदानात असा मान दुसऱ्या कुणाला नाही.

पण माणूस दमलाय आता.

भाताची शेतं गेली, तिथे गोदामं उभी राहिली. सापांनी जायचं कुठे? येतात घराकडे. आणि लोक त्यांची सोय करूनच ठेवतात. गोदामातली मोडकी लाकडी पॅलेटं फुकट मिळतात, चुलीला बरी पडतात, म्हणून टेम्पो भरून आणायची आणि मागच्या भिंतीला लावून रचायची. त्यात उंदीर, उंदरांमागे साप. पंढरी येईल त्या पॅसेंजरला सांगतो, लाकडं घरापासून लांब ठेवा. आधी काठीने ठोका, मग हात घाला. भुईवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा, चप्पल झटकून घाला. लोक हसतात. "झालं पंढरीचं कीर्तन चालू!" म्हणतात. हा तरी सांगतोच. सांगून सांगून घसा बसला बिचाऱ्याचा.

ऐन भाद्रपदातली दुपार. पहाटेपासून कामतघरच्या चार फेऱ्या मारून तो भाकरीवर बसला होता. पहिला घास हातातच, आणि फोन वाजला. शेजारच्या ठमाकाकीची सून निशा रडत होती.

"भाऊजी, लवकर या! आत्याबायनं पॅलेट ओढलं आन हाताला चावला. कुकरच्या शिट्टीगत आवाज करीत होता."

घोणस. पंढरीला बघायचीही गरज नव्हती. भाकरी तशीच ठेवून तो उठला. "तिला चालवू नका. मी आलो," एवढंच बोलला.

ओट्यावर गर्दी. ठमाकाकी मधे बसलेली, उजव्या अंगठ्याच्या मागे दोन थेंब रक्त. शेजारचा चांगदेव लूमवर, कापडाच्या मागावर कामाला, तो खिशातलं सूत काढून चार पदरी वळत होता.

"चांगदेव, ठेव ते सूत."

"आरं, ईख वर चढंल ना!"

"मागं एका कामगाराचा पाय असाच आवळून आणला होता. पाय काळा पडला, कापावा लागला. मीच नेला होता त्याला. ठेव म्हणतो ना!"

चांगदेवने तोंड वाकडं करून सूत खिशात कोंबलं. पंढरी खाली बसला. हात फुगायला लागला होता, आणि मनगटावर घट्ट बसलेल्या आठ हिरव्या बांगड्या.

"काकी, या काढायला लागतील. सूज चढली की कातडीत रुततील, हात जाईल."

"येड लागलं काय तुला?" काकीने डाव्या हाताने मनगट झाकलं. "माजा दादला जिता हाय. चार मान्सात बांगड्या वाढवू? हात गेला तर जाऊं दे."

"काकी, ऐक..."

"न्हाय म्हंजे न्हाय!"

पंढरीला एकदम थकवा आला. सापाशी भांडता येतं, याच्याशी काय भांडायचं? आणि दर मिनिटाला हात सुजत होता.

दारातून विठूकाका पुढे आला. दम्याचा माणूस, चार पावलांत धाप लागली त्याला. त्याने कमरेची चंची सोडली आणि सुपारीचा आडकित्ता काढला.

"मी जिता हाय ना? मंग मीच काढतो. हात दे."

काकीने तोंड फिरवलं, पण हात दिला. पंढरीने बांगड्यांखाली फडकं सारलं. काका एकेक बांगडी आडकित्त्यात धरून तडकवत होता, आणि काकी दर आवाजाला डोळे मिटत होती. आठवी निघाली तेव्हा मनगटाचं हाड दिसेनासं झालं होतं.

गोदामातल्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पंढरीने हाताखाली लावला, ओढणीने सैल बांधला. खुर्चीवर बसवून, खुर्चीसकट उचलून काकीला रिक्षापाशी आणली आणि आत बसवली. कंटेनरच्या रांगेतून, खड्डे चुकवत, दवाखान्याला आधीच फोन करून, असं त्याने तिला नेलं. दुसरा कुणी असता तर रस्त्यातच अडकला असता, हे लिहून ठेवा.

डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत ठेवलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, तर पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नाही. मग सापाच्या विषावरची लस चढवली. पंढरी बाकावर बसून राहिला, धंदा बुडाला, पोटात काही नाही. संध्याकाळी पुन्हा नळी तिरकी केली. रक्त जागचं हललं नाही. निशा तिथेच जमिनीवर बसून रडली.

आठव्या दिवशी काकी घरी आली. पण पंढरीशी बोलत नाही. नवऱ्याच्या हातून, चार लोकांत बांगड्या फोडायला लावल्या, हे तिच्या मनातून जात नाही. काकाला काही म्हणत नाही, सगळा राग याच्यावर.

परवा स्टेशनाबाहेर पंढरी गिऱ्हाइकाची वाट बघत होता. समोरून काकी बाजार करून आली. त्याने सीटवरची धूळ पुसली, "चल काकी, सोडतो" म्हणाला. तिने बघितलंही नाही. उन्हात तशीच चालत निघाली.

पिशवी तिने उजव्या हातात धरली होती. पाची बोटांनी, घट्ट.

पंढरी ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. मग मागच्या सीटवर आडवा झाला आणि पाय बाहेर सोडून झोपला.